दुखवट्यातले होकार

केम, माघ वद्य पंचमी, शके १८५५

ती. दाजी यांचे सेवेशी, ज्ञानबाचा अकलूजच्या दिशेला तोंड करून साष्टांग नमस्कार. आपल्या दम्याला उतार पडला असेल व आक्काची दाढ ठणकायची थांबली असेल, अशी आशा आहे. माझे गुडघे होते तसेच आहेत. ही गेल्यापासून भाकरी स्वतः थापतो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

मी सहसा कोणाविरुद्ध बोलत नाही, हे आपण जाणता. पण लोकांनी माझ्या दुखवट्याचा बाजार मांडला आहे. गुडघ्यांमुळे मी नांगर सोडला, कोरडवाहू जमीन अर्धेलीने लावली आणि बैल विकले, ते गावाला ठाऊक होतेच. त्यानंतर महिन्यातच ही गेली. आता भेटायला माणूस आला की आपण घोंगडीवर खाली मान घालून बसावे आणि तो जे बोलेल त्याला व्हय म्हणावे, असा आपल्याकडचा रिवाज. (व्हय म्हटले नाही तर माणूस उठून जातो, आणि हिच्याविषयी बोलणारे घरात दुसरे कोणी नाही. हे सहज लिहिले.)

पहिला आला मेंढरेवाला सिद्धाप्पा. म्हणाला, "वैनींचं मन लई मोठं." मी व्हय म्हणालो. "कंदी कुनाला इन्मुख धाडलं न्हाय." व्हय. "बैलांचा पैका नुस्ता गाडग्यात ठेवून काय करताय, मालक? मेंढरं घेऊ की." व्हय. तेव्हा मी हिच्याच विचारात होतो. आता बैलांचे पैसे त्याच्या कळपात चरत आहेत. जे मेंढरू मरते ते दर वेळी माझे निघते. कशावरून, असे विचारले तर म्हणतो, "माजं आसतं तर मी मरू दिलं आसतं व्हय?"

दुसरा वेणीमाधव. हा माझ्याबरोबर सातवीपर्यंत शिकला आणि आता सोलापुरात भवानी पेठेत माग चालवतो. शिकलेला माणूस, पण त्यानेही तेच केले. आधी हिच्या आदरातिथ्याचे दोन शब्द, मग "नुसत्या जमिनीवर विसंबू नये," मग एक माग माझ्या नावावर. तो रद्द करायला मी मुद्दाम आगगाडीने सोलापुरास गेलो. माझ्या मागावर पाहुण्यांची अंथरुणे वाळत होती. मी बोलायला तोंड उघडले, तोच त्याची बायको यशोदाबाई म्हणाली, "वहिनींनी दिलेली शेंगांची चटणी अजून बरणीत आहे हो." झाले. मी व्हय म्हणत गेलो, त्यात वेणीमाधवाने टांग्याचेही विचारून घेतले. जाताना एका मागाचा धनी होतो, येताना अर्ध्या टांग्याचाही झालो. कुठला अर्धा, ते कोणी सांगत नाही. घोड्याच्या दाणा-चंदीचा खर्च माझ्याकडे येतो, त्यावरून पुढचा असावा. त्याच टांग्यातून मी स्टेशनवर आलो आणि टांगेवाल्याने माझ्याकडून भाडे घेतले.

शेती करत होतो तेव्हा एका पावसाची काळजी असे. आता मेंढरांच्या खुरांची, सुताच्या भावाची आणि घोड्याच्या पोटाची, अशी तिन्ही बाजूंनी आहे, आणि याला सगळे मिळून सुरक्षितता म्हणतात.

माझ्या स्वतःच्या हाती आता विहिरीजवळचा तुकडा तेवढा राहिला आहे. तिथे ही मिरच्या लावत असे. यंदा मी लावणार आहे, बसून बसून का होईना. तो तुकडा मी कोणालाही देणार नाही. आपण घरातले जाणते, माझी बाजू समजणारे, म्हणून मन मोकळे केले. आक्कास नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
ज्ञानबा

ता. क. तेराव्याला पंगत उठल्यावर आपण माझ्या शेजारी बसला होतात. हिच्या हातच्या पिठल्याची आठवण काढलीत, आणि त्याच दमात तो विहिरीजवळचा तुकडा आपल्या पुतण्याच्या उसासाठी मागितलात. मी व्हय म्हणालो. ते पिठल्याला म्हणालो होतो. पुतण्याने काल तिथे खुणेचे दगड रोवले आहेत. ते त्याला उचलायला सांगावे.

आणखी एक. याचा निकाल लावायला शक्यतो आपण स्वतः येऊ नये. यायचेच झाले तर जमिनीचे आधी विचारावे. मी नाही म्हणेन. मग हिच्याविषयी हवे तितके बोलावे. मी चहा ठेवतो.