वीस तारखेपर्यंत पूर्ण रेंज

सोमवार, ३. सकाळी ११.१०
आजपासून रोजनिशी. साहेब महिनाअखेरीस निवृत्त होताहेत आणि विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होतेय. मोठ्या माणसांच्या सुरुवातीच्या दिवसांच्या नोंदी पुढे कुठे सापडत नाहीत. माझ्या बाबतीत ती अडचण यायला नको.

परिस्थिती अशी. कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. कोणता कारागीर कोणत्या इमारतीत कधी जाणार हे आमचा विभाग ठरवतो, आणि आम्ही सगळे ते आपापल्या घरून करतो. वीस तारखेला संचालक बाई स्वतः व्हिडिओ कॉलवर येणार. खुर्चीसाठी उमेदवार दोन, मी आणि टाचणी. (हे नाव मी ठेवलंय, मनातल्या मनात. समोर अर्थात मॅडम.) प्रत्येकाने वीस मिनिटांत सांगायचं की बंद पडणाऱ्या लिफ्टची संख्या निम्म्यावर कशी आणणार. टाचणी माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. हुशार आहे, नाही असं नाही. पण अनुभव?

अडचण एकच, घरचं वाय-फाय. आजच्या मीटिंगमध्ये ‘माझ्या मते मूळ मुद्दा’ एवढं म्हणालो आणि स्क्रीनवर गोठलो. चार मिनिटांनी परत आलो तर मूळ मुद्दा टाचणीने सांगून झाला होता.

निर्णय: आधी वाय-फाय, मग प्रेझेंटेशन. सतरा दिवस म्हणजे चिकार झाले.

मंगळवार, ४
राउटर पुढच्या दाराशी, चपलांच्या कपाटावर. माझं टेबल पार मागच्या खोलीत. मध्ये स्वयंपाकघर, फ्रिज, बाथरूमची भिंत आणि आईच्या वेळचं लोखंडी कपाट. आलेखाच्या कागदावर घराचा नकाशा काढला. दर दोन पावलांवर स्पीड मोजून रंग भरला. हिरवा चांगला, पिवळा बरा, लाल वाईट. माझी खोली भरताना लाल पेन्सिलीला दोनदा टोक काढावं लागलं.

बाबांनी नकाशा पाहिला. बाबा बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होते. म्हणाले, एवढी रंगरंगोटी कशाला, दारापासून टेबलापर्यंत सरळ वायर ओढ, अर्ध्या तासाचं काम. मी त्यांना शांतपणे समजावलं की जगाने वायर केव्हाच सोडली. त्यावर म्हणे, जगाने सोडली असेल, तुझं अजून कुठे जमलंय. वयाचा मान ठेवून वाद वाढवला नाही.

प्रेझेंटेशन: मनात विचार चालू आहे.

बुधवार, ५. दुपारी १
नकाशाचा निष्कर्ष: घरातली सर्वांत हिरवी जागा पॅसेजमध्ये, वॉशिंग मशीनच्या वर. स्टूल आणलं, मशीनवर लॅपटॉप ठेवला, मागच्या दोरीवर पांढरी चादर टाकली. अगदी स्टुडिओ.

दुपारी ३.३०
कॉल चालू असताना मशीन कपडे पिळायला लागलं. बायकोने शाळेच्या ऑफिसात जाताना वेळ लावून ठेवली होती म्हणे. सकाळी दोनदा सांगितलं होतं, तू हं हं करत होतास, असंही म्हणाली. मला आठवत नाही. मशीन बंद करायला वाकलो तर चादर डोक्यावर. कारागिरांचे मुकादम म्हणाले, सर, भूकंप असेल तर बाहेर पळा, मीटिंगचं काय एवढं. टाचणीने विचारलं, सर, लिफ्टमधून बोलताय का? सगळे हसले. साहेबही. साहेब हसले हे एका अर्थी चांगलंच, आपुलकी दिसते.

शुक्रवार, ७
नवा उपाय. राउटरमागे स्वयंपाकघरातल्या फॉइलचा पडदा उभा केला की सिग्नल हव्या त्या दिशेला वळतो. पडदा मोठा केला, अर्धवट काम आवडत नाही. माझ्या खोलीत काही फरक नाही. जिन्यात मात्र अफाट रेंज.

बायकोने सांगितलं, पडदा उलट्या बाजूला लावलाय. आणि मग फॉइल काढून डबा गुंडाळून नेला.

एक गोष्ट लिहून ठेवतो. घरात कोणाला वीस तारखेचं गांभीर्य नाही.

शनिवार, ८
प्रेझेंटेशनला बसायचं म्हणून बसलो. पण टेबल खिडकीकडे चार बोटं सरकवलं तर कदाचित पिवळा रंग मिळेल असं वाटलं. सरकवलं. लाल. परत आणलं. मग आडवं लावलं. लोखंडी कपाटही हलवून पाहिलं. पाठीत उसण भरली, त्यामुळे आज लेखन शक्य नाही.

रविवार, ९
कारण सापडलं! वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांच्या वेटिंग रूममधले पेशंट तासन्‌तास फोनमध्ये डोकं घालून बसलेले असतात. नेट कोणाचं वापरतात? पासवर्ड बदलला. सतरा अक्षरी, कोणाच्या बापाला उघडायचा नाही असा. मग वर जाऊन डॉक्टरांच्या कानावर सभ्य शब्दांत घातलं की तुमचं मोफत नेट आजपासून बंद.

डॉक्टर आधी बघतच राहिले. मग म्हणाले, अहो, तुमचं नेट चोरायचं म्हणजे भिकाऱ्याचा खिसा कापायचा. त्यांच्याकडे स्वतःचं आहे, आमच्या दसपट. आल्यासारखे बसा, दाढ तपासून देतो, म्हणाले. बसलो. एक दाढ किडली आहे.

खाली आलो तर नवा पासवर्ड मलाही आठवेना. बायको म्हणाली, कोणाच्याही बापाला उघडत नाही म्हणालास ते खरं निघालं, तुझ्या बाबांचे नेटवरचे रेडिओचे कार्यक्रमही बंद पडलेत. राउटर मुळापासून रीसेट करण्यात संध्याकाळ गेली.

सोमवार, १०
मीटिंग. साहेबांनी मला विचारलं, नदीपलीकडच्या इमारतींमध्ये किती लिफ्टची तपासणी बाकी आहे. त्याच क्षणी गोठलो. परत आलो तोवर टाचणीने आकडा दिला होता, त्रेचाळीस. माझ्याकडे आकडा नव्हता ही गोष्ट वेगळी, पण असता तरी देता आला नसता. मुद्दा तो आहे.

माझ्या गोठलेल्या चेहऱ्याचा कोणीतरी स्टिकर केला आहे. एक डोळा मिटलेला, आ वासलेला. मुकादम आता ग्रुपवर ‘ठीक आहे’ऐवजी तोच पाठवतात. लोकप्रियतेचा फायदा पुढे होईलच.

बुधवार, १२. सकाळी
रेंज वाढवणारा एक्स्टेंडर आणला! आधी का सुचलं नाही? दुकानदार म्हणाला, राउटर आणि टेबल यांच्या मधोमध लावा. दुकानदारांना प्रत्यक्ष परिस्थिती ठाऊक नसते. मी तो थेट माझ्या टेबलावर लावला, लॅपटॉपला चिकटून. रेंजच्या सगळ्या काड्या भरल्या! इतिहासात प्रथमच.

दुपारी
काड्या पूर्ण, कॉल तरी तुटतोय. बाबा म्हणाले, रिकाम्या टाकीला मोठा नळ लावलायस. त्यांना नव्या गोष्टी पचत नाहीत.

संध्याकाळी
काड्या अजून पूर्ण आहेत. फोटो काढून ठेवला.

शनिवार, १५
प्रेझेंटेशनला जोरात सुरुवात. पहिली स्लाइड तयार: विषय, माझं नाव, तारीख. अक्षरांचा प्रकार निवडायला वेळ लागला. भारदस्त हवा, पण उद्धट नको. आठ प्रकार बायकोला दाखवले. ती म्हणाली, आठही सारखेच दिसताहेत, दुसरी स्लाइड कुठे आहे? टाचणी गेला आठवडाभर कारागिरांबरोबर इमारती फिरतेय असं मुकादमांनी फोनवर सांगितलं. मला वाईट वाटलं. ज्यांच्याकडे दृष्टी नसते त्यांना पायपीट करावी लागते.

सोमवार, १७
एक्स्टेंडर नव्वद अंशांत वळवला. मग पंचेचाळीस. मग पुस्तकांच्या ढिगावर ठेवला. मग ढीग कमी केला. कॉलवर साहेब काय म्हणाले ते कळलं नाही, शेवटी ‘तुम्ही तयार आहात ना’ एवढं आलं. जोरात मान हलवली. ती त्यांना दिसली का माहीत नाही.

बुधवार, १९. सकाळी ९
उद्या! आज एका बैठकीत अकरा स्लाइड. फोन बंद ठेवणार.

सकाळी ११
आधी एकदा स्पीड पाहून घेतला. तोच. एक्स्टेंडर बदलून आणायला दुकानात निघालो.

दुपारी ३
दुकानदार म्हणतो, वस्तूत दोष नाही, जागेत आहे. बराच वाद झाला. तोच परत घेऊन आलो.

घरी बाबा माझ्या टेबलामागे वाकलेले, हातात छोटी हातोडी, तोंडात चार खिळे. मला बघून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले. खिळ्यांमुळे कळलं नाही. लॅपटॉपच्या डाव्या बाजूला त्यांनी एक वायर खोचून ठेवली आहे, ती भिंतीच्या कडेकडेने पुढच्या खोलीत गेली आहे. त्यांचं मन मोडायला नको म्हणून राहू दिली.

दुपारी ४.१५
जमलं! एक्स्टेंडर मूळ जागी ठेवून किंचित डावीकडे वळवला आणि स्पीड एकदम पस्तीसपट! तीनदा मोजला. ओरडलोच. दहा अंशांचा खेळ होता. सोळा दिवसांच्या चिकाटीचं फळ. बायको वायरीकडे बघत उभी राहिली, मग बाबांकडे बघितलं, मग दोघं चहाला गेले. यश पचवणं घरच्यांना सर्वांत जड जातं.

संध्याकाळी
दुसरी स्लाइड: लिफ्टचा फोटो. तिसरी: धन्यवाद. बाकीचं ओघात बोलेन. मला कागदाची गरज पडत नाही, फक्त लाइन हवी होती.

गुरुवार, २०. सकाळी ९.४०
इस्त्रीचा शर्ट. पाणी. चेहरा प्रसन्न. रेंज पूर्ण.

दुपारी १२.३०
घडलं तसं लिहितो.

टाचणीचं आधी झालं. तिने एकशे सत्तर लिफ्टची यादी आणली होती, कोणती कशामुळे बंद पडते याची. दारात खडे अडकून बंद पडणाऱ्याच नव्वद निघाल्या. लिफ्टच्या दाराशी पायपुसणं टाका, निम्मा प्रश्न तिथेच संपतो, म्हणाली. संचालक बाई लिहून घेत होत्या. मला सगळं लख्ख दिसत होतं. बाईंच्या पेनाचा रंगसुद्धा.

मग मी. पहिली स्लाइड. दुसरी स्लाइड. लिफ्ट ही काळाची गरज आहे, असं म्हणालो. बाईंनी विचारलं, ते ठीक, पण निम्म्यावर कशा आणणार? एक उपाय सांगा.

एकच मागितला त्यांनी.

मी गोठलो. म्हणजे आपणहून. तोंड अर्धवट उघडं, एक डोळा थोडा मिटलेला, जसा मी खराखुरा गोठतो तसा. दोन मिनिटं काढली की पुढचा विषय निघेल असा हिशेब होता, आजवर तसंच होत आलंय. साहेब म्हणाले, यांच्याकडे नेटचा जरा त्रास आहे. मुकादम म्हणाले, स्टिकर लागला. बाई म्हणाल्या, थांबू या. सगळे थांबले. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. घड्याळात बघता येत नव्हतं. पापणी एकदा लवली, पण ती दिसली नसावी.

तेवढ्यात दार उघडलं. बोलणं बंद झालं म्हणून बाबा लाइन तपासायला आले होते. बनियनवर. वाकून वायर चाचपली, खोचलेलं टोक दाबून पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून स्क्रीनसमोर आले. बाईंनी विचारलं, आजोबा, आमचा आवाज येतोय का? बाबा ताठ उभे राहिले. खात्यात अहवाल द्यायचे तशा आवाजात म्हणाले, स्वच्छ येतोय मॅडम. चित्रही स्वच्छ. लाइनमध्ये काही दोष नाही. हा नुसता बसलाय.

मी अजून गोठलेलाच होतो. काय करणार, मध्येच हलता येईना.

मग बाबांनी माझ्या डोळ्यांसमोर बोटं फिरवली आणि हलकेच हाक मारली, बाळ, अरे काय होतंय तुला? घाबरले होते. तेव्हा हललो.

कॉलवर कोणी हसलं नाही. मुकादमसुद्धा नाही.

शुक्रवार, २१
साहेबांचा फोन. खुर्ची टाचणीला. पुढच्या वेळी बघू म्हणाले, पण ते तर निवृत्त होताहेत. मी म्हणालो, कालचा प्रकार तांत्रिक होता. ते म्हणाले, हो, तसंच असेल. त्यांचा आवाज अगदी स्पष्ट येत होता.

जेवताना बाबांना सांगितलं. वायर काढून टाकू का, म्हणाले. नको म्हणालो.

सोमवार, २४. सकाळी १०.५०
साहेबांनी आजपासूनच मीटिंग टाचणीकडे दिली, ही तिची पहिली. पन्नास मिनिटं सलग, एकदाही तुटलं नाही. पहिल्यांदाच पूर्ण मीटिंग ऐकली. मुकादम बरेच विनोद करतात, आणि बरे असतात. टाचणी एकेकाला नावाने विचारत होती, कोणाचं काय अडलंय. नदीपलीकडच्या बत्तीस इमारतींना पायपुसणी पोचली.

मी कॅमेरा बंद ठेवला होता. चालू करा असं कोणी म्हणालं नाही. माझी पाळी आली तेव्हा तिने विचारलं, सर, काही सांगायचंय?

नाही म्हणालो. बरं, म्हणाली, आणि पुढच्या माणसाकडे गेली.