डाव्या सीटखालची टाकी

१५ मार्च १९४७, शनिवार. शेलूबाजार

श्रावणची जीप दुपारी बाजारातून गेली. माझ्या शेडपाशी थांबली नाही. न थांबेना. पण आवाज बदललाय. परवापर्यंत गाडी घुमायची, आता भुंकते. म्हणजे सायलेन्सर काढला, पाइपही तोडला. शिवाय आवाज मागून येत नाही, मधूनच येतो, चालवणारा बसतो त्याच्या खालून. डोळे मिटून सांगतो.

सख्खा धाकटा भाऊ. कापसाच्या जिनातली इंजिनं माझ्या हाताखालून गेली, कोणी शिकवलं नाही, पुस्तकं मागवून, खोलून, जोडून शिकलो. आणि यानं लढाईतली जीप लिलावातून आणली ती मला न दाखवता. मळ्यातली वांगी-मिरची तिच्यातून नेतो, जिथं बैलगाडीही कुरकुरते तिथून. दुरुस्ती वाशीमला, युसूफ मिस्त्रीकडे. ठीक. बोलावल्याशिवाय मी जाणार नाही.

१७ मार्च, सोमवार

इंझोरीचा महादू विहिरीवरच्या इंजिनाचा पंप घेऊन आला. पंपाचं बोलणं थोडं, दुसरंच जास्त. श्रा.ची जीप वावरातून गेली आणि मागं धुऱ्यावरचं, बांधाकडचं गवत जळालं.

‘जाळ केवढा होता?’ विचारलं.

‘जाळ दिसेच ना, भाऊ. भर दुपार. नुसती हवा हालून राह्यली होती, अन् गवत आपोआप काळं होत चाललं. आवाज नाई, काई नाई. माह्या म्हाताऱ्यानं पायतण टाकून पळ काढला. गावात म्हणतात, त्या गाडीमागं आग्या वेताळ चालते.’

मी हसलो. उन्हात गवताची ज्योत दिसत नाही, एवढंच. हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘असंन. पन मग तुमी हसून काहून राह्यले, तोंड तं उतरलं तुमचं.’

१९ मार्च, बुधवार

सायकलवर जाऊन जागा पाहिली. बोलावलं नव्हतं, पण वावर महादूचं, श्रा.चं नव्हे. तेव्हा हरकत नाही.

धुऱ्याच्या कडेनं दोन चाकोऱ्या. जळकं त्यांच्या मधोमध सुरू होतं, डावीकडे झुकलेलं. काही अंतर काहीच नाही, मग पुन्हा काळा ठिपका, मग पुन्हा कोरं. पाऊल टाकत गेल्यासारखं. पाखरू नाही, वारा नाही. एका ठिपक्यात गोणपाटाचा तुकडा, कडा जळालेल्या. नाकाला लावला. पेट्रोल.

जीपखाली गोणपाट कशाला?

२० मार्च, गुरुवार

काशी आली. श्रा.ची बायको. मी भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ, त्यामुळे माझ्याशी बोलत नाही, समोरही येत नाही. स्वैपाकघराच्या दारामागे बसून जाऊबाईशी बोलते, मात्र आवाज असा ठेवते की मला पडवीत ऐकू यावं. आज तर सौ. पाणी भरायला गेली तरी बोलणं थांबलं नाही. भिंतीशी बोलत होती.

‘बाई, यांच्या धोतराले मांगून पिवळे डाग पडून राह्यले. इस्त्री ठेवल्यावानी. धुतले तरी जात नाईत. म्हणतात, सीट तापते. म्हणतात, कोनी आत्ताच उठून गेल्यावानी ऊब राह्यते. मी म्हनलं, मंग कोन बसते तिथं? तं हसतात.’

मग, ‘टाकीले पोतं गुंडाळलंय वलं. पेट्रोल उकळते अन् गाडी बंद पडते म्हनून. नाला आला का पुन्हा भिजवतात.’

गोणपाटाचं कोडं सुटलं. उन्हाळ्यात आपण पाण्याच्या बाटलीला ओलं फडकं बांधतो, तीच रीत यानं पेट्रोलच्या टाकीला लावली. वऱ्हाडाचं डोकं. बाटलीतून सांडलं तर पाणी सांडतं, एवढाच फरक.

२१ मार्च, शुक्रवार. वाशीमहून परत

सर्व्हिस मोटारीनं गेलो. यु. मिस्त्री कामात. माणूस वाईट नाही, हात चांगला आहे, जोड स्वच्छ मारतो. ओळख दिली.

‘तुमचे भाऊच बोलले. नाल्यातल्या दगडावर अडकते, काटून टाक. मी बोललो, सेठ, ये पाइप यूं ही लंबा नही. ते बोलले, गाडी माही का तुही? काटलं.’

तोडलेला तुकडा ठेवला होता. आणून पायाशी टाकला. त्यावर एक जोड. नवा नाही, जुना, वर लष्करी हिरवा रंग.

‘देखा? पहिले भी कटा था. किसी ने काटलं, किसी ने पुन्हा जोडलं, बहुत प्यार से जोडलं. अन् सुनो, मी काटत होतो तं सीटखालचा रंग फुगला. अंदर काला. रंगाखाली काजळी, भाई. मी तिथंच थांबलो, पानी मारलं.’

येताना मोटारीत तुकडा मांडीवर. शेजारचा माणूस सरकून बसला.

विचार असा. या गाडीत धूर इंजिनातून डावीकडे निघतो. मग पाइप गिअरच्या पेटीखालून आडवा उजवीकडे जातो, तिथं सायलेन्सर, तिथून मागे. बनवणाऱ्यानं एवढं लोखंड आडवं का घातलं? मूर्ख होता? नव्हे. पेट्रोलची टाकी डावीकडे, चालवणाऱ्याच्या सीटखाली. गादी उचलून भरावी लागते. धुराला टाकीपासून लांब न्यायचं म्हणून हा वळसा. तो वळसाच कापला. आता पाइपाचं तोंड टाकीखाली, आणि टाकीला गोणपाट, आणि बुचातून धक्क्याधक्क्याला सांडणारं पेट्रोल त्या गोणपाटात.

आणि त्यावर माझा भाऊ.

२३ मार्च, रविवार. पाडवा

पाडव्याला जेवण थोरल्याकडे, ही आमची रीत. भांडण असलं तरी मोडत नाही. श्रा. आला, काशी, लेकरू. गुढीला नमस्कार केला, माझ्या पाया पडला. पानावर शेजारी बसलो. मी वाट पाहिली, तो विचारेल. त्यानं पाहिली, मी बोलेन. सौ. दोघांना पुरणपोळी वाढत राहिली.

शेवटी मीच. सगळं सांगितलं, जागच्या जागी, वळशासकट.

‘दादा,’ म्हणतो, ‘तुमाले गाडी चालवता येत नाई, अन् पाइप सांगून राह्यले.’

लागलं. खरं आहे म्हणून जास्त.

‘नाल्यात पाइप अडकला का वांगी उन्हात. तुमी येता काय ढकलाले? अन् टाकी थंडच ठेवतो मी. वलं पोतं हाये.’

‘ओलं किती वेळ ओलं राहतं?’

भात कालवत राहिला. मग हळू, बायकांना ऐकू जाणार नाही असा,

‘एक सांगू? हसू नका. दुपारी, मेडशीच्या वाटेवर, डोकं जड होते. डोळ्यातून पानी. अन् मंग बाजूच्या सीटवर कोनी असते. पाह्यलं तं कोनी नाई. पन असते. बोलते.’

‘काय बोलते?’

‘उतर म्हणते.’

हसलो नाही. जिनात एकदा इंजिनघराची दारं बंद राहिली होती, तेव्हा फायरमन आपल्या मेलेल्या आईशी बोलत बसला होता. बाहेर हवेत आणून निजवला, तेव्हा शुद्धीवर आला. धूर डोक्यात चढला की असं होतं. पाइप सीटखाली सुटतो, धूर पत्र्याच्या फटीतून वर येतो. श्रा.ला हेच सांगितलं. त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं.

मला मात्र बरं वाटलं नाही. धूर माणसाला काहीही बडबडायला लावेल. शहाणपणाचं कसं बोलेल?

२५ मार्च, मंगळवार

श्रा. गाडी घेऊन शेडपाशी आला. पाडव्याचं बोलणं लागलं असावं. ‘पाहून घ्या. हात नका लावू.’ आणि समोरच्या दुकानात चहाला गेला.

हात लावला. गादी काढली, गोणपाट सोडलं. सकाळी भिजवलेलं, आता पापडासारखं. टाकीखालचा पत्रा सुरीनं खरवडला. वर हिरवा रंग. खाली वेगळा हिरवा. त्याखाली काजळी, जाड, घट्ट बसलेली. म्हणजे गाडी आधी पेटली होती, इथंच. एवढ्याची तयारी होती माझी.

पण काजळीत आडव्या-उभ्या रेघा. बारीक, सारख्या. मळ वाटला म्हणून पुसलं, गेल्या नाहीत. भिंग आणलं. वीण होती. गोणपाटाची वीण, पत्र्यावर भाजून उमटलेली.

म्हणजे आधीच्यानंही पाइप तोडला आणि आधीच्यानंही टाकीला ओलं गोणपाट बांधलं. ही बाटलीची रीत परक्या शिपायाला कुठून सुचणार. तो कोणी आपल्याच मुलखातला असणार. आपल्यासारखाच उन्हाला कंटाळलेला, स्वतःला हुशार समजणारा.

त्याचं काय झालं, पत्रा सांगत नाही.

श्रा.ला दाखवलं. बघून चटकन तोंड फिरवलं. ‘रंगाचे डाग हायेत, दादा.’ पण गादी त्यानं स्वतः ठेवली नाही, मला ठेवायला लावली. पाइप पुन्हा आडवा नेऊन मागं वर उचलला तर दगडाला लागणार नाही, हे मी सांगितलं. मान्य. पण ‘मेडशीचा फेरा झाल्यावर’. मेडशी काशीचं माहेर, तिच्या बहिणीचं लग्न, भाजी पोचवायची.

मला दोन-तीन दिवस हवेत. पाइप तापवून वाकवायचा, पट्ट्या करायच्या. कोणाला घाई आहे? सगळ्यांना.

२७ मार्च, गुरुवार

भट्टीवर होतो. शेडच्या दारात सावली. काशी, एकटी, लेकरू कडेवर. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता. माझ्याकडे बघून बोलली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

‘दादाजी, उद्या मले अन् लेकराले त्याच गाडीत नेऊन राह्यले. मी म्हनलं बैलगाडीनं जाईन. तं म्हणतात, नवऱ्याच्या गाडीत बसाले लाज वाटते काय? लोक हसतीन.’ मग, ‘तुमाले माहीत हाये ना सगळं? मंग तुमी काहून गप हाये?’

सांडशी हातात होती, ती पाण्यात बुडवली. पाणी चरचरलं.

लेकरू माझ्या मिशा पकडायला बघत होतं.

संध्याकाळी श्रा.कडे गेलो. बोलावलं नव्हतं. म्हणालो, ‘उद्या मीही येतो मेडशीला. लग्नाचं आमंत्रण मलाही आहे.’

‘तुमी? जीपमंदी?’

‘पुढं बसेन. मागं तुझी वांगी.’

हिशोब त्याला कळला. मी पुढं बसलो की काशीला जागा नाही. थोरल्या भावाला ऊठ म्हणता येत नाही. मग हसला, लहानपणी हसायचा तसा. ‘लय बेरकी हा तुमी, दादा.’

काशी आणि सौ. बैलगाडीनं येतील.

२८ मार्च, शुक्रवार. मेडशी, लग्नघर. पेन्सिलीनं

मांडवाच्या कडेला बसून लिहितो, अक्षर वाईट.

पाइप तयार नव्हता, तसेच निघालो. गोणपाट भिजवलेलं, मी स्वतः हात लावून पाहिलं. पाण्याचा डबा मांडीत धरला होता, मधूनमधून त्याच्या सीटखाली ओतत होतो. तो चिडत होता. ‘लग्नाले चाललो का अभिषेक करून राह्यले?’

डबा लवकर संपला. नाला पुढं होता. सगळीकडे वाळलेलं गवत, रस्ता म्हणजे नुसती चाकोरी. ऊन डोक्यावर. आवाजानं कान बधिर. माझंही डोकं जड व्हायला लागलं. कपाळात ठोके. तेव्हाच वास आला. गोणपाट करपल्याचा, बारीक.

म्हणालो, ‘श्रावण, उतर.’

त्यानं ब्रेक दाबला आणि उडीच मारली. मीही. बाहेरून हात घालून काठीनं गोणपाट ओढून काढलं. जाळ नव्हता. कडेनं लाल किडे चालावेत तसं पसरत होतं. लांब नेऊन मातीत तुडवलं, वर माती लोटली. गाडीपासून दूर धुऱ्यावर जाऊन बसलो दोघं. मागं वळून पाहायचं धाडस नव्हतं, न पाहायचंही नव्हतं. गाडी पेटली नाही.

श्रा.चा चेहरा पांढरा. मला वाटलं आगीनं.

‘दादा, आता तुमीच बोलले ना? उतर म्हणून?’

‘मीच.’

‘हाच आवाज होता.’

‘कुठला?’

‘इतके दिवस.’ ओठ कोरडे पडले होते त्याचे. ‘आज तुमी होते. अन् आधी?’

धुराचं कारण पुन्हा सांगायला तोंड उघडलं. सांगितलं नाही.

भाजी गावातल्या बैलगाडीनं आणवली. जीप तिथंच आहे.

३० मार्च, रविवार. शेलूबाजार

पाइप झाला. आडवा, उजवीकडे नेलेला, मागं उचललेला. जोड मीच मारला, चार वेळा तपासला. युसूफनं मारला असता तर आणखी बरा झाला असता, हे इथं लिहून ठेवतो. त्याला सांगणार नाही.

गाडी नाल्यापाशी तशीच उभी. मेडशीहून आलेले लोक म्हणतात, कोणी जवळ जात नाही. गुराख्यानं कुंपणासारखे काटे टाकलेत भोवती. सीटखालून काही ठिबकतं आहे म्हणतात. टाकीच्या तळाचं बूच असेल. टाकी फाटली असेल तर वेगळं.

ती तिथं सोडता येत नाही. लोकांची गुरं, गवत, एखाद्याची विडी. आणि घरी आणायची तर आधी हा पाइप बसवावा लागेल, जागेवरच, तिच्याखाली आडवं पडून. सगळं गार आहे. पाना सरकून दगडावर ठिणगी पडायला नको, म्हणून पान्याला चिंधी गुंडाळली आहे. वाळूच्या पिशव्या घेतल्या आहेत. बैलगाडी जोडली आहे.

श्रा. पहाटेपासून माझ्यामागं. परवापर्यंत मी त्याला नको म्हणत होतो, आता तो मला म्हणतो. ‘सडू द्या तिले तिथं. मले नाई पाह्यजे.’ काशी सौ.जवळ उभी आहे, पदर पुन्हा तोंडावर.

सांगितलं त्याला, तू खाली यायचं नाही. धुऱ्यावर उभा राहा, लांब. मी गाडीखाली असेन, मला काही दिसणार नाही, कानात लोखंडाचा आवाज असेल. तुला काही ऐकू आलं, माझ्या आवाजात असो, कोणाच्याही, तर विचार करत बसू नकोस. मला ओरडून सांग.

‘अन् तुमी निघसान?’

निघेन म्हणालो. निघतो आता, ऊन चढायच्या आत.