लाल मागितला की हिरवा

९ नोव्हेंबर

हिरवा! मागितला लाल, पेटला हिरवा. दिव्यांची पट्टी नवी, कंट्रोलर नवा, डोकं मात्र जुनंच. तासभर वायरी उपसल्या, शेवटी दुकानदाराला फोन केला. तो हसला. "ताई, काही पट्ट्या आधी लाल वाचतात, काही आधी हिरवा. प्रोग्रॅममध्ये क्रम बदला." एक ओळ बदलली. लाल म्हटलं की लाल! खुर्चीतल्या खुर्चीत नाचले.

आईला बटण दाबून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "लाल." मेंदूला झटका आल्यापासून तिच्याकडे एका वेळी एकच शब्द असतो, तोही कधी येतो, कधी अडतो. हा आला. मी रडले, तोवर भाजी करपली, मग हसले.

१२ नोव्हेंबर

आईला बोलायला शिकवणाऱ्या बाईंना पट्टी फार आवडली. "रोज रंग विचारा. घाई करू नका, शब्द तोंडात घालू नका." त्यांचं काय जातंय सांगायला! मी जन्माची उतावळी. तरी ओठ दाबून बसले. लाल, हिरवा, निळा, पिवळा — चारही बरोबर. शेवटी आईनेच हात झटकून "पुरे" म्हटलं.

१६ नोव्हेंबर

दादाचा फोन. "आईला बालवाडीत घातलंस की काय?" म्हटलं, ये, तूच घे तिची परीक्षा. लगेच त्याची रेंज गेली!

१९ नोव्हेंबर

आई दिवसभर बसते गॅलरीच्या दाराशी आणि पट्टी संपते माझ्या टेबलाशी. म्हणून पट्टीचं आणखी एक रीळ आणलं. जुन्या टोकाला सोल्डरने जोडलं, कपाटामागून वळवून थेट तिच्या खुर्चीसमोर नेलं. पांढरा रंग लावून टोकापर्यंत चालत गेले. सगळे दिवे लागले, एकही मेलेला नाही. मला टेबलावरून आई दिसते, पण पट्टी फक्त जुनी; तिला खुर्चीतून फक्त नवी. आता मी काम करता करता बटणं दाबायची, तिने तिथून ओरडायचं. राणीसाहेबांचा थाट!

२० नोव्हेंबर

लाल लावला. "हिरवा." हिरवा लावला. "लाल." दमली असेल.

२२ नोव्हेंबर

पुन्हा तेच. निळा बरोबर, पिवळा बरोबर, पांढरा बरोबर. हे दोनच उलटे. "नाही गं आई, लाल." ती मान हलवते — "हिरवा." तिसऱ्यांदा नाही म्हटलं, तर चप्पल भिरकावली! कपाटाला चाटून आली, नेम झकास. हसू आलं. पण आलेले शब्द परत का जावेत?

२५ नोव्हेंबर

बाईंना विचारलं. त्या गंभीर झाल्या. "येत असलेलं अचानक उलटं व्हायला लागलं, तर डॉक्टरांना दाखवून घ्या." शुक्रवारची वेळ मिळाली. दादा या खेपेला चेष्टा न करता "मी येतो" म्हणाला, त्यामुळे मी जास्तच घाबरले.

संध्याकाळी बटण दाबलं, तर आई भिंतीकडे तोंड करून बसली. त्यापेक्षा दुसरी चप्पल परवडली असती. हा दुसरा झटका तर नसेल?

२८ नोव्हेंबर

निघायच्या आधी शेवटचं म्हणून लाल लावून बघितला. आईने हात झटकला. दादाने तिला धरून उभं केलं. तिच्या चपला पुढे ओढायला मी तिच्या खुर्चीत टेकले आणि वर बघितलं.

टेबलाशी लाल लावलेला. इथे हिरवागार!

दुसरं रीळ वेगळ्या क्रमाचं, दुकानदार म्हणाला होता तसं. आणि मी शहाणीने ते तपासलं पांढऱ्यावर! पांढऱ्यात लाल, हिरवा, निळा तिन्ही सारखे, पिवळ्यात लाल-हिरवा सारखे — उलटापालट दिसणार कशी?

"दादा, हा रंग कुठला?"

"हिरवा. का गं?"

आईने माझ्याकडे बघितलं. एकेक शब्द सावकाश उचलत म्हणाली, "सांगत... होते... ना!"