परातीवरून हकालपट्टी

नांदूरघाट, श्रावणातला तिसरा सोमवार

तीर्थरूप शांताअक्कास धाकट्या सोमलिंगाचे शरणार्थ.

तुझी शुगर आवाक्यात असेल, दाजींचा गुडघा जिना चढू देत असेल आणि उदगीरकडे पाऊस आमच्यापेक्षा बरा असेल, असं धरून चालतो. इकडे सगळे खुशाल आहेत, एकटा मी सोडून. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू तिसऱ्या वाक्याला ‘बरं बरं, कुकर लावायचाय’ म्हणतेस. पत्राला कुकर आडवा येत नाही. तर ऐक. तुझ्या चिरंजीवाने, महांतेशने, सख्ख्या मामाला आपल्या वाद्यवृंदातून काढून टाकलं. मामाच्याच भांड्याच्या दुकानातली परात मामाच्या हातातून काढून घेतली! पोराला पुण्यात तबला शिकवला, परदेशात दोन वर्षं ठेवलं, त्याचं हे फळ.

पहिल्यापासून सांगतो. महांतेश महिन्याभरापूर्वी आला आणि आमच्या भजनी मंडळाला म्हणाला, की मी नवं संगीत बसवणार. गाणं नाही, पेटी नाही, नुसतं वाजवणं, तेही कमीत कमी. माझ्या दुकानातून त्याने दोन पितळी पराती, चार ताटं आणि एक घागर नेली (घागरीला पोचा आला आहे, तो कुणी भरून द्यायचा ते विचारून ठेव). बारा ठोक्यांचा एक तुकडा, तोच तासभर वाजवायचा. पखवाजावरच्या त्रिंबकने तो जागेवर धरायचा, ताटांवरच्या आसारामने त्याच तुकड्यात केसभर पुढे सरकत जायचं, म्हणजे दोघांचे ठोके हळूहळू सुटे होतात आणि फिरून फिरून पंधरा मिनिटांनी पुन्हा जुळतात. आता आमच्या मंडळात सुटलेल्याला ओढून आणणं हा धर्म. आसाराम सरकला की त्रिंबक त्याला डोळे वटारून समेवर आणायचा, आणि महांतेश कपाळाला हात लावायचा. माझ्याकडे मधला ठोका. एकच ठोका, परातीच्या कडेवर, ना मोठा ना जलद. ‘मामा, तुम्ही काहीच करायचं नाही, फक्त वाजवत राहायचं,’ हे तुझा मुलगा मला म्हणाला! तीस वर्षं झांज वाजवलेल्या माणसाला! भजन कसं असतं, अक्का? आधी चालतं, मग पळतं, शेवटी उधळतं. न उधळता थांबलं तर देवालासुद्धा चुकल्यासारखं वाटेल. तरी मी भाच्याचं तोंड बघून गप्प बसलो.

गेल्या सोमवारी देवळाच्या मंडपात कार्यक्रम झाला. सगळं गाव लोटलं होतं. पाच मिनिटं झाली, ठोका तोच. आता आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. एकच ठेका लांबत चालला म्हणजे पुढारी यायचे आहेत आणि वाजवणाऱ्यांना वेळ काढायला सांगितलंय. लोक माना वळवून केजच्या रस्त्याकडे बघू लागले. मागून कुणीतरी ओरडलं, ‘कावून ताटकळत ठिवलंय बे? पाव्हणे आले न्हाईत का आजून?’ भगवानराव सरपंच घाबरले. बोलावलं कुणाला होतं, हे त्यांनाही आठवेना. तेव्हा त्यांनी सवयीने तालुक्याच्या पुढाऱ्यांना, विजयसिंहांना, फोन लावला. साहेब मांजरसुंब्याच्या ढाब्यावर जेवत होते, निमंत्रण कुठलंच नव्हतं. पण ‘सारं गाव तुमच्यासाठी खोळंबलंय’ म्हटल्यावर कोणता पुढारी ताटावर बसून राहील?

इकडे आम्ही वाजवतोच आहोत. (विसाव्या मिनिटानंतर परात मी वाजवतो की ती मला, हे कळेनासं झालं होतं. ते सोड.) पन्नासाव्या मिनिटाला गाडी मंडपाला भिडली, साहेब हात जोडत आत आले, आणि अक्का, माझा हात धावला. तीस वर्षांचा हात आहे, मी काय करू? माझ्यामागून आसाराम धावला, त्रिंबकने दणक्यात तिहाई देऊन शेवट केला, ‘हर हर महादेव’ झालं, सरपंचांनी कुणाच्या तरी खांद्यावरची शाल काढून साहेबांना घातली. टाळ्या इतक्या पडल्या की कबुतरं उडाली. दहा मिनिटं उरली होती फक्त. महांतेश घागरीला टेकून बसून राहिला.

चूक तिघांची, पण काढलं मला एकट्याला! आणि माझ्या जागी कोण, ऐकशील? तुझी भावजय! दुसऱ्या दिवशी हा स्वयंपाकघराच्या दारात चहा पीत उभा, आत ती भाकरी थापते आहे. तिथेच कप हातात धरून ऐकत राहिला आणि म्हणाला, ‘मामी, तुम्ही जराही पळत नाही.’ ती म्हणाली, ‘पळून कसं चालंल? भाकर फाटती की.’ झालं! पुढच्या महिन्यात पुण्याला कार्यक्रम आहे, तयारीला तो तिकडे गेलाही; ती जाणार, मी दुकान बघणार. संसार असा उलटा फिरवणाऱ्या मुलाला चांगलं खडसाव. माझा त्याच्याशी संबंध संपला.

तुझा संतप्त भाऊ,
सोमलिंग

ता. क. खडसावू नकोस. फक्त विचार, की पुण्याला आणखी एक परात चालेल का. बिघडवायला नको म्हणून मागे बसीन.

ता. क. पुन्हा. तुला म्हणून सांगतो. त्या पन्नास मिनिटांत माझ्या डोक्यात काहीही नव्हतं. दुकान नाही, दुखणं नाही, पोरं फोन करत नाहीत तेसुद्धा नाही. एवढी वर्षं देवळात बसतो, पण असं कधी झालं नव्हतं. मला ते परत हवं आहे.

ता. क. शेवटचा. काल तुझ्या भावजयीने मला परात घेऊन चुलीशेजारी बसवलं. तिने थापायचं, मी तिच्या हाताबरोबर वाजवायचं. माझा हात धावला की ती नवा गोळा घ्यायची. दोन माणसांच्या घरात काल अकरा भाकरी झाल्या. अकरावीला मी धावलो नाही. एवढं त्याला कळव.