मंजूर, म्हणून बिनलग्नाची

३ जून
आजही काही नाही. व्हिसाची फाईल मंजूर झालीय, चांगली बारा वर्षांपूर्वी! पण मंजूर म्हणजे 'या' नव्हे. मंजूर म्हणजे 'थांबा'.

आई गेल्यावर बाबा कामासाठी परदेशात गेले आणि तिकडेच राहिले. मला बोलावून घ्यायचा अर्ज त्यांनी 'अविवाहित मुलगी' म्हणून केला. अट एकच — नंबर लागेपर्यंत लग्न नाही. केलं की अर्ज बाद. तेव्हा मी एकोणतीसची होते. आता एकेचाळीस. अविवाहित आहेच, मुलगी म्हणायला मात्र लोक जरा अडखळतात.

५ जून
दिवसभर कवळ्यांच्या लॅबमध्ये दुसऱ्यांचे दात घासले. एका आजोबांची कवळी तिसऱ्यांदा परत आली. म्हणे, हसताना टोचते. मग हसू नका — मनात म्हटलं!

दुपारी समोरचा चष्मेवाला डबा घेऊन आला. लॅबमधल्या पोरी बघत होत्या, म्हणून त्याने विचारलं, "आपलं जेवण झालं का?" इतकी वर्षं आमचं असं आहे. चारचौघांत अहो-आपण, आडोशाला अरे-अगं. मी जिच्याकडे राहते, त्या आत्याची ही शिस्त. तिच्या मते वकिलातीची माणसं गल्लीत येऊन चौकशी करतात. एकदा वीजमीटर बघायला आलेल्या माणसाला तिने आपणहून सांगितलं, "आमच्या मुलीचं कुणाशी काही नाही हो." तो बिचारा आकडा टिपून निघून गेला.

९ जून
चष्मेवाला म्हणाला, "दुकान विकून भावाकडे राहायला जावं म्हणतो. तू आज ना उद्या जाणारच. मी इथे कुणासाठी बसू?"

चिडून म्हणाला असता तर भांडता आलं असतं. पुसलेलीच काच पुन्हा पुसत बसला. घरी येऊन मी रडले. नंबर नको, काही नको, हा माणूस जायला नको.

१० जून
ठरलं. व्हिसाची कामं करणाऱ्या एका वकीलबाई आहेत, त्यांना गाठायचं. एकदाच काय ते कळू दे!

१३ जून
वकीलबाईंनी कॉम्प्युटरवर फाईल काढली आणि माझ्याकडेच चमकून बघितलं. "वडील तिकडचे नागरिक झालेत की! सात वर्षं झाली. तेव्हापासून तुम्हाला लग्नाची आडकाठीच नाही. रांग लांबेल, पण अर्ज बाद होत नाही. त्यांनी स्वतः कळवलंय व्हिसा ऑफिसला, सगळं विचारूनही घेतलंय. तुम्हाला बोलले नाहीत?"

मी म्हटलं, बोलले असतील, माझंच लक्ष नसेल. वर आभारही मानले! मग खाली येऊन जिन्यात बसून राहिले.

१४ जून
बाबांना फोन. आधी नुसतं खोकले. मग — "सांगायचं राहून गेलं गं."

सात वर्षं! दर रविवारी तासभर बोलतो. तिकडची थंडी, शेजाऱ्याचं कुत्रं, गुडघा — यातलं काही कधी राहत नाही.

मग आवाज एकदम बारीक झाला. "लग्न झालं असतं तर तू कशाला आली असतीस? मला इथे कोण आहे?"

अर्धा राग तिथेच गळाला. अर्धा अजून आहे, आणि तो मी सोडणार नाही.

आत्याला सांगितलं तर म्हणते, "अगं, मग मी इतकी वर्षं राखण कसली केली?"

१६ जून
चष्मेवाल्याला सांगितलं. आधी इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग बराच वेळ पुसतच होता. "म्हणजे मी उगाच तुला आपण-आपण करत होतो?"

मग म्हणाला, "दुकान विकत घ्यायला आलेलं गिऱ्हाईक परत पाठवू का?"

पाठव, म्हटलं.

२१ जुलै
लग्नाची नोंदणी झाली. साक्षीदार आत्या आणि लॅबमधल्या दोघी. बाहेर पडलो तर भर रस्त्यात तो ओरडला, "अगं ए, पर्स राहिली ना तुझी आत!" आत्याने सवयीने आधी इकडेतिकडे बघितलं.

बाबांना कळवायचं राहून गेलं. सांगेन — सात वर्षांनी.