आबांचा पहिला सिनेमा

२ मे २०१६, सोमवार

आईचा फोन. "शालू, यंदा पिशोरला येऊ नको. आम्हीच तिथं नाय."

गावात चारा नाही, पाणी नाही, म्हणून मेंढरं घेऊन आई-आबा पैठणच्या धरणात उतरलेत. धरणात! जिथं होड्या चालायच्या तिथं आता कोरडं पडलंय आणि काठाकाठानं गवत आलंय म्हणे. दर उन्हाळ्यात मी लेकीला, ज्ञानूला घेऊन माहेरी जाते. यंदा माहेरच निम्म्या वाटेवर चालत आलं. बजाजनगरहून गाडीवर दीड तास.

हे म्हणाले, "बरं झालं, कंबर वाचली." सासुरवाडीवर एवढं प्रेम!

८ मे, रविवार

उजाडताच निघालो. ज्ञानू मधे, दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन बांधलेले. लोक माहेरी जाताना पेढे नेतात, मी पाणी नेलं. बिडकीनच्या आसपास तर शेतात ज्वारीऐवजी प्लॉटिंगचे झेंडे उगवलेत. दर वर्षी थोडे जास्तच.

आबा लांबूनच ओळखू आले. लाल पटका, आणि एवढ्या उन्हात खांद्यावर घोंगडं. "पानी कशाला आणलं? टँकर येतो की," म्हणाले. मग माझ्याच कॅनमधला अख्खा तांब्या एका दमात प्यायले.

जेवताना ज्ञानूनं ताटात डावा हात घातला आणि आईनं चापट मारली. आबा म्हणाले, "खाऊ दे गं तिला. शिनेमातले सगळे मोठे लोक डावखुरेच असतेत."

मला हसूच आलं. आबांना सिनेमातलं काय ठाऊक? जन्मात एक पाहिलेला नाही.

हे आठवलं की अजून राग येतो. आम्ही लहान असताना दर साली मेंढरं घेऊन इकडं गोदाकाठी यायचो. यात्रेत नदीच्या वाळूत सिनेमाचा तंबू असायचा, दोन बांबूंना बांधलेला पांढरा पडदा. आई आम्हा बहिणींना घेऊन पुढं बसायची. मी दर साली म्हणायचे, आबा, चला ना. आणि दर साली एकच उत्तर — "मेंढरं कुणाच्या जिवावर सोडू?" बाकीच्या पोरी बापाच्या मांडीवर बसून बघायच्या. माझ्या लग्नातसुद्धा अक्षता पडल्या आणि आबा मेंढरांच्या तळावर परत! आधी मेंढरं, मग आम्ही. तिशी उलटली तरी मनातून जात नाही. आज लिहून टाकलं.

११ मे, बुधवार

ठरलं. आबांना सिनेमाला न्यायचं. मॉलमधल्या, गार हवेच्या. ह्यांनी विचारलं, "आणि मेंढरं?"

"तुम्ही."

ह्यांचा चहा तसाच राहिला. कंपनीत एवढालं मशीन चालवणारा माणूस, पण बोकड समोर आला की माझ्यामागं लपतो.

१५ मे, रविवार

आबांनी सरळ नाही म्हटलं. "माझी काठी दुसऱ्याच्या हातात कधी गेली नाय." आमच्यात ते असंच आहे. काठी दिली म्हणजे कळप दिला.

मग माझं तोंड सुटलं. म्हटलं, "आबा, एकदा मेंढरं सोडून माझ्यासोबत चला. फक्त एकदा." बोलताना रडूच आलं. ज्ञानू बघतच राहिली.

आबा किती तरी वेळ एका कोकराच्या पायातला काटा काढत बसले. मग खाली बघूनच म्हणाले, "कवा जायचं?"

१९ मे, गुरुवार

तिकिटं काढली. हे रोज आईला फोन करून विचारतात, मेंढी शिंग मारते का.

२२ मे, रविवार

सकाळी आबांनी दोन्ही हातांनी ह्यांना काठी दिली. "जावाईबापू, पळू नका. तुम्ही पळाले की तीबी पळतेत." आईचे गुडघे गेलेत, पण जीभ शाबूत. ती बसल्या जागेवरून जावयाला हुकूम सोडत होती.

आम्ही तिघं एसटीनं शहरात. मॉलच्या सरकत्या जिन्यावर आबा चढेनात. "जिना आपल्या पायानं चढावा." चढलो मग तीन मजले. हॉलच्या दाराशी वहाणा काढल्या आणि अनवाणी आत गेले. दारावरचा माणूस हसला. मी त्याच्याकडं असं बघितलं की पुन्हा हसला नाही. घोंगडं आणू नका म्हणून मी वाटभर भांडले होते. आत गारठल्यावर ज्ञानू त्याच घोंगड्यात शिरली, आजोबांच्या मांडीवर. तिची खुर्ची रिकामीच.

हिरोनं पहिला ठोसा मारला आणि आबा मोठ्यानं म्हणाले, "आरं, हा तर उजव्या हाताचा हाय!" सगळा हॉल हसला. मी चिमटा काढला. तरी पुढच्या मारामारीला तेच. शेवटी कानात म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, पर खरा हिरो नाय."

मी सिनेमा कमी आणि त्या दोघांकडंच जास्त बघितलं. फार फार बरं वाटलं.

तळावर परतलो तर हे भाजलेल्या वांग्यासारखे लाल, मांडीवर कोकरू. एकशे बारा मेंढरं, सगळी जागेवर. आबांनी दोनदा मोजली.

२३ मे, सोमवार

दिवसभर शिलाई मशीनवर एकच डोक्यात. आबांना डावखुरे हिरो दिसले तरी कुठं?

२९ मे, रविवार

विचारलंच.

आबा कोकराला पाणी पाजत होते. "तंबूच्या मागं वाळूच होती की. मेंढरं तिथंच बसवायचो, पडद्यामागं. पडदा पातळ, मागून बी दिसायचं. एक शिनेमा चुकला नाय."

मागून! म्हणजे सगळं उलटं. म्हणून सगळे डावखुरे. आई आणि आम्ही पडद्याच्या इकडं, आबा तिकडं. आणि मी इतकी वर्षं रुसून.

"भोंगे तुमच्या बाजूला," आबा म्हणाले. "मला बोलणं कळत नव्हतं. पर तू हसली की समजायचं, आता हसायचं."