दोन वाजताची जोडीदार

६ जानेवारी

पोहोचले. पौडीची बस ऋषिकेशला अकराला टेकली, तिथून टेम्पोने गंगेच्या काठाकाठाने वर. ट्रंक डोक्यावर घेऊन आश्रमाच्या पायऱ्या चढले तर भागाकाकी, म्हणजे इथल्या स्वयंपाकीणबाई, दारातच म्हणाल्या की सामान उचलायला माणूस आहे, पण तू पहाडातली दिसतेस, तुला तो सापडायच्या आधीच तू वर पोहोचशील.

खालच्या खोल्यांत चार-चार मुली आहेत. वरच्या मजल्यावर एकच खोली, ती मला मिळाली. शेजारी एक मोठा हॉल, त्याला कुलूप. आमचे गुरुजी डिमरीजी म्हणाले, वर एकटं वाटेल. मला हसू आलं. आमच्या गावात चौदापैकी तेरा घरांना कुलपं आहेत. सासूबाई होत्या तोवर दोन चुली पेटायच्या, कारण त्यांना माझ्या हातचं आवडायचं नाही. गेल्या श्रावणात त्या गेल्या. मग गाय होती. तीही दिराकडे सोडून आले.

साडेतीन आठवड्यांचं प्रशिक्षण. पास झाले तर आमच्या खालच्या आरोग्य केंद्रात योगशिक्षिका म्हणून घेणार आहेत. रोज वीस-पंचवीस माणसं समोर बसतील.

जेवायला मंडव्याची, म्हणजे नाचणीची भाकरी आणि कुळथाचं दाट कालवण, फाणू. इतकी माणसं एका पंगतीत बघून आधी ती मोजली. मग तीन भाकऱ्या खाल्ल्या.

८ जानेवारी

डिमरीजींनी सगळ्यांना वह्या दिल्या. रोज संध्याकाळी लिहायचं, आज शरीर काय म्हणालं, मन काय म्हणालं. ते वाचणार नाहीत. साठीचा माणूस, आवाज इतका मऊ की झोपलेल्या मुलावर कोणी पांघरूण घालतंय असं वाटावं.

शरीर म्हणतं, मांड्या दुखतात. चाळीस वर्षं डोंगर चढले, पण खाली मांडी घालून नुसतं बसायचं कधी शिकले नव्हते. मन म्हणतं, बोल कुणाशी तरी.

आम्ही नऊजणी. बाकी सगळ्या विशीतल्या. टिहरीची हिमानी पंवार सगळ्यांत बडबडी. तिने विचारलं, दीदी, गावात तुमच्याशिवाय कोणीच नाही, मग योग काय बिबट्याला शिकवणार का. सगळ्या हसल्या, मीही हसले. बिबट्यावरून पुढे काहीतरी सांगणार होते. तोवर त्या फोनमध्ये शिरल्या होत्या.

११ जानेवारी

आज जोड्या पाडल्या. एकीने तासभर शिकवायचं, दुसरीने तिचं ऐकून करायचं. मग उलट. परीक्षेपर्यंत अशाच पाळ्या. नऊजणी म्हणजे चार जोड्या आणि मी.

 डिमरीजी म्हणाले, दुपारी दोनला वरच्या हॉलमध्ये जा, रिकाम्या खोलीला शिकवा, आवाज सुटेल. किल्ली दिली. स्वतः उघडून दाखवायला मात्र आले नाहीत. जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे राहिले.

१२ जानेवारी

हॉल स्वच्छ आहे, फक्त वापरात नाही. भिंतीशी सतरंज्यांच्या गुंडाळ्या, मधे एक खांब, दक्षिणेच्या खिडक्यांतून भरपूर ऊन. जेवणानंतर सगळ्या नदीच्या वाळूवर उन्हाला जातात, त्यांचं खिदळणं वर ऐकू येतं.

ताडासन शिकवलं. पहिल्यांदा आवाज निघाला तो गुरं हाकल्यासारखा. पुन्हा म्हणाले, हात वर घ्या. मग लक्षात आलं, माझ्या म्हणण्यावरून कुणी माणसाने हात वर घेतला असेल असं मला आठवत नाही.

१४ जानेवारी

मकरैण, म्हणजे संक्रांत. खिचडी झाली, सगळ्या स्नानाला गेल्या. घरोघरून फोन येत होते. मी माझा फोन दोनदा बंद करून चालू केला, बिघडला असेल म्हणून.

दोनला हॉलमध्ये गेले तर खांबाजवळ एक बाई उभी होती. माझ्याच वयाची, कदाचित थोडी मोठी. पांढरा कुर्ता, त्यावर घरी विणलेला तपकिरी स्वेटर. सणाला आलेली कोणी यात्रेकरू असेल, कुलूप मी आता लावत नाही, ऊन बघून वर आली असेल असं वाटलं. मी नमस्कार केला. तिने मान हलवली आणि पाय जुळवून उभी राहिली. मी म्हणाले, हात वर घ्या.

तिने घेतले.

१७ जानेवारी

रोज येते. बोलत नाही, मीही विचारत नाही. काही बायका बोलायला लागल्या की यायच्या बंद होतात. जे सांगते ते बरोबर करते. आज त्रिकोणासन करताना तिचा खांदा पुढे येत होता, म्हणून हात लावून मागे केला. खांदा गार. पौषात सगळ्यांचेच खांदे गार असतात.

काय शिकवायचं ते आता सकाळपासून ठरवते. जेवताना मनात तिच्याशी बोलते. हिमानीने विचारलं, दीदी एकट्याच का हसताय. म्हणाले, पीठ गोड आहे आज.

१९ जानेवारी

डिमरीजींनी शवासन शिकवलं, म्हणजे पुस्तकातून वाचून दाखवलं. पायापासून सुरुवात करायची, एकेक अवयव सैल सोडायला सांगायचं, शेवटी सगळं शरीर. झोपवलेल्या माणसाला उठवल्याशिवाय शिक्षकाने खोली सोडायची नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना पाणी प्यायले.

२० जानेवारी

आज तिला शवासन दिलं. छान झोपली. तिचा चेहरा बघून मला स्वतःलाच शांत वाटलं.

तेवढ्यात खालून हाका. दीदी, फोटो, सगळ्यांचा फोटो, लवकर या. मला बोलावत होत्या. मी पळालेच. वाळूवर हिमानीने माझ्या गळ्यात हात टाकला, चार-पाच फोटो काढले. मग सगळ्यांबरोबर चहा. परत आले तेव्हा साडेसहा वाजले होते. हॉलमध्ये अंधार दिसला, कडी लावून टाकली. उठून गेली असेल.

२१ जानेवारी

गेली नव्हती.

दोनला दार उघडलं तर तिथेच, तशीच. तळवे वर, डोळे मिटलेले. कपाळावर छताच्या चुन्याचा पापुद्रा पडला होता, तोही तिने काढला नव्हता. मी दंडाला धरून हलवलं. दंड लाकडासारखा.

भागाकाकींना ओढत वर आणलं. त्या दाराशी थांबल्या. म्हणाल्या, कुठे आहे, सतरंजी तेवढी आहे. मला दिसत होती. मी स्वेटरचं वर्णन केलं तेव्हा काकी खालीच बसल्या. त्यांनी जे सांगितलं ते असं.

चार वर्षांपूर्वी चमोलीकडची शाकंभरी रावत इथे शिकायला आली होती. नवरा नाही, मूल नाही, माझ्यासारखीच. इतर मुलींहून मोठी, म्हणून तिच्याशी फारसं कोणी बोलायचं नाही. एका दुपारी डिमरीजींनी सगळ्यांना ह्याच हॉलमध्ये शवासन दिलं, फोन आला म्हणून खाली गेले आणि विसरले. मुली आपापल्या उठल्या. शाकंभरी पडून होती. थकली असेल, झोपू दे, म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं. रात्रीच्या जेवणालाही ती नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सापडली. काकी म्हणाल्या, हृदय बंद पडलं, पण डॉक्टर म्हणाला ते पहाटे. तोवर ती जिवंत होती.

२२ जानेवारी

डिमरीजींना गाठलं. नाकारलं नाही त्यांनी. दरवर्षी ह्या दिवसांत दोनला वर कोणी झोपलेलं आहे असं त्यांना जाणवतं, दारापर्यंत जातात, परत येतात.

मी विचारलं, मग मला का पाठवलंत?

म्हणाले, "तिला कोणीतरी उठवायला हवं. माझ्या तोंडून तिथे शब्द फुटत नाही." पुढे म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं एकट्या राहिलेल्या. वाटलं, तुम्हाला भीती वाटणार नाही."

एकट्या माणसाला भीती वाटत नाही असं ह्यांना कोणी सांगितलं? गावात रोज संध्याकाळी मी तेरा घरांची कुलपं हलवून बघायची, ती का?

पण झोपवलं मीही. फोटोसाठी सोडून गेले मीही.

२३ जानेवारी

गेले. दारापासूनच सुरुवात केली. श्वासावर लक्ष आणा. पायाची बोटं हलवा. तिने हलवली. हाताची बोटं हलवा. उजव्या कुशीवर वळा. सावकाश उठून बसा.

बसली. डोळे उघडले. मला वाटलं आता जाईल, विरून जाईल, काय होतं ते होईल. मी हात जोडले.

तिने स्वेटर नीट केला, कपाळावरचा चुना पुसला, आणि सतरंजी थोपटून माझ्यासाठी जागा केली. पहिल्यांदाच बोलली.

"ये भुली. आता तुझी पाळी."

मला भुली म्हणून, धाकट्या बहिणीसारखी, कुणी हाक मारल्याला वीस वर्षं झाली असतील. क्षणभर पाऊल पुढे पडलं. मग पळाले.

२४ जानेवारी

हॉलला कुलूप लावून किल्ली भागाकाकींकडे दिली. दोनला खोलीत होते. भिंतीपलीकडून आवाज आला. घाई नाही, राग नाही. पायाची बोटं सैल सोड. घोटे सैल सोड.

घोटे सुटले. उभी होते ती खाटेवर पडले. पोटऱ्या, गुडघे. त्यापुढचं आठवत नाही. पाचला हिमानी चहासाठी बघायला आली, तिने दीदी उठा म्हटलं तेव्हा डोळे उघडले. ती म्हणाली, केव्हापासून हलवतेय.

तिने तोंडाने उठा म्हणेपर्यंत मला हलता आलं नव्हतं.

२५ जानेवारी

मुलींबरोबर वाळूवर जाऊन बसले, अगदी मधोमध. दोनला आवाज तिथेही. कानाशी. आज मांड्या, कंबर, पोट. मुलींनी आधी फोटो काढले, दीदी घोरताहेत म्हणाल्या. मग हिमानी ओरडली, उठा. नंतर ती माझ्याशी नीट बोलेना. म्हणाली, दीदी, तुमचं पोट हलत नव्हतं.

तिला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, माझा हात धरून बसली. रात्रीच तिच्या वडिलांचा फोन. उद्या तिला न्यायला येताहेत.

२६ जानेवारी

हिमानी गेली.

मीही ट्रंक घेऊन निघाले. दिराला फोन केला. म्हणाला, घर पाहुण्यांनी भरलंय, फाल्गुनात बघू. तरी निघाले, गावाला जाईन म्हटलं, कुलपांत. पावणेदोनची बस. ती दोनपर्यंत सुटलीच नाही.

बसस्टँडवरच्या बाकावर पडले. आज छातीपर्यंत. कोणी पोलीस असावा, काठी आपटून म्हणाला, उठा बाई, इथे झोपायचं नाही. त्याचे पाय धरावेसे वाटले. लोकांनी आजारी समजून परत इथे आणून सोडलं.

गावात मला उठा म्हणायला कोण आहे?

२७ जानेवारी

भागाकाकी जवळ बसल्या होत्या. दोनला. खांदे. काकी म्हणतात, पंधरा वेळा उठ म्हटलं तेव्हा उठलीस. काल पोलिसाचं एकदाच पुरलं होतं.

आता तुझी पाळी आहे, म्हणते ती. जोडीत पाळी चुकवायची नसते म्हणते. रागाने नाही. मी तिला सोडून पळाले तेव्हाही ती रागावली नव्हती—

२८ जानेवारी

आज दोनला डावा हातही गेला, काकींनी शंभर हाका मारून उठवलं. आता त्यांना ताप. बोलता येत नाही, घसा बसलाय. त्यांची मुलगी घेऊन गेली.

उद्या परीक्षा. सगळ्या खाली असतील. डिमरीजींच्या पायाशी बसून सांगितलं, तुम्हीच या. तुमचंच ऐकेल ती, तुमची विद्यार्थिनी आहे. तिलाही म्हणा, मलाही म्हणा. एकच शब्द.

रडले ते. दोनला वर येतो म्हणाले. शपथ घेतली.

२९ जानेवारी

पावणेदोन. दार उघडं ठेवलंय. वही मांडीवर. लिहीत राहिलं तर जागी राहीन.

खाली टाळ्या. कुणाचं तरी चांगलं झालं.

दोन.

पाय गेले. पटकन गेले आज, कंबर— आता दारातून येतो आवाज. खोलीत आहे. स्वेटरला उन्हाचा वास—

जिन्यात चपला. आले. डिमरीजी आले—

अर्ध्या जिन्यात थांबल्या चपला.

श्वास ऐकू येतोय त्यांचा. या ना वर. तिथूनच म्हणा, चालेल, तिथूनच—

छाती. खांदे.

म्हणत नाहीत. हुंदका. चपला खाली—

नाही, पुन्हा थांबल्या. म्हणा. उठा म्हणा. एकदा—

तिने केसांवरून हात फिरवला. घाबरू नको भुली म्हणते. मी जाणार नाही तुला सोडून, म्हणते. डावा हात गेला. आता उजव्या हाताची बोटं, भुली, उजव्या हाताची बोटं सै